बाटली आपली, टेबल त्यांचं



आपल्याकडच्या कितीतरी हॉटेलांत गल्ल्याच्या मागे एक पाटी असते : 'बाहेरील खाद्यपदार्थ आत आणण्यास सक्त मनाई आहे.' ती पाटी वाचत लहानाचे मोठे झालेल्यांना, जगात काही ठिकाणी नेमकी उलट पाटी दारावर लावतात असं सांगितलं तर चटकन खरं वाटत नाही. ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्न शहरात मी अशा पाट्या रस्तोरस्ती पाहिल्या. त्यांवर तीन अक्षरं असतात, बी वाय ओ. 'ब्रिंग युअर ओन', म्हणजे तुमचं तुम्ही आणा. काय आणा? तर वाइनची बाटली. जेवण आम्ही देतो, वाइन तुमची तुम्ही आणा.

मी 2003 साली तिथे शिकायला गेले. विद्यार्थ्यांना तेव्हा आठवड्याला वीस तास काम करायची मुभा होती. मला काम मिळालं ते रिचमंड भागातल्या व्हिक्टोरिया स्ट्रीटवर, एका व्हिएतनामी कुटुंबाच्या चौदा टेबलांच्या रेस्टॉरंटमध्ये. काम वाढपिणीचं. त्यामुळे मी वाइनची जाणकार म्हणून आज बोलत नाही. ग्लास मांडणाऱ्या, बाटल्या उघडणाऱ्या आणि रात्री तेच ग्लास पुसून ठेवणाऱ्या बाजूनं मला हा व्यवहार दिसला, तो मी सांगणार आहे. मद्याची भलामण करायचा माझा हेतू नाही. जे घेत नाहीत त्यांनी खुशाल घेऊ नये. पण आपली वस्तू घेऊन दुसऱ्याच्या दुकानात बसायचं तर कसं वागावं, हा प्रश्न न पिणाऱ्यालाही कळण्यासारखा आहे.

आधी ही रीत आली कुठून, ते पाहू. पहिल्या महायुद्धाच्या काळात, 1916 मध्ये, मेलबर्न ज्या व्हिक्टोरिया राज्यात आहे तिथे संध्याकाळी सहा वाजता दारूचे गुत्ते बंद करण्याचा नियम आला. युद्धापुरता म्हणून आलेला हा नियम 1966 पर्यंत टिकला, म्हणजे तब्बल पन्नास वर्षं! परिणाम व्हायचा तोच झाला. पाचला कारखाने, कचेऱ्या सुटायच्या आणि सहाच्या ठोक्याच्या आत जेवढी पोटात जाईल तेवढी ढोसायला माणसं गुत्त्यावर तुटून पडायची. या गर्दीला तिथे 'सिक्स ओक्लॉक स्विल' असं नावच पडलं होतं. स्विल म्हणजे घटाघटा ढोसणं. पिणं कमी व्हावं म्हणून केलेल्या नियमानं माणसं घाईनं पिऊ लागली.

दुसऱ्या महायुद्धानंतर इटली आणि ग्रीसमधून हजारो कुटुंबं मेलबर्नला आली. त्यांच्या घरी वाइन ही जेवणाच्या ताटाशेजारची वस्तू. सावकाश, घोटघोट घ्यायची. त्यांनी छोटी रेस्टॉरंटं काढली, पण वाइन विकायचा परवाना मिळवणं कठीण आणि खर्चाचं होतं. 1960च्या दशकात कायदा हळूहळू सैल होत गेला, तेव्हा त्यातून एक मधली वाट रूढ झाली : रेस्टॉरंटनं वाइन विकायची नाही, पण गिऱ्हाइकानं आणलेली पिऊ द्यायची. 1975 नंतर व्हिएतनामी निर्वासित आले, त्यांच्या खाणावळींनाही हीच वाट सोयीची पडली. भांडवल थोडं, परवाना साधा, आणि वाइनचा साठा करण्यात पैसा अडकत नाही. पुढे 1980च्या दशकाच्या शेवटी पूर्ण परवाने मिळणं बरंच सोपं झालं. तरीही पाट्या गेल्या नाहीत, कारण तोवर लोकांना सवय लागली होती.

या सवयीनं काय साधलं, ते मी रोज पाहत होते. ज्या टॅक्सीवाल्याला किंवा नर्सला रेस्टॉरंटच्या दरानं वाइन परवडली नसती, ती माणसं कोपऱ्यावरच्या बॉटल शॉपमधून दहा डॉलरची बाटली तपकिरी कागदी पिशवीत घालून आणायची आणि लग्नाचा वाढदिवस साजरा करायची. रेस्टॉरंटमध्ये तीच बाटली दुकानातल्या किमतीच्या सहज दुप्पट, कधी तिप्पट दरानं लागते. हा नुसता लोभ आहे असं समजू नका. जेवणाच्या धंद्यात पदार्थावर सुटणारा नफा बेताचा असतो. भाजीपाला नासतो, आचारी महाग असतो, भाडं थांबत नाही. त्याची भरपाई पेयांतून होते. गिऱ्हाईक स्वतःची बाटली घेऊन आलं की तो भरपाईचा भाग बुडतो. तो थोडाफार भरून काढण्यासाठी जो आकार घेतात, त्याला 'कॉर्केज' म्हणतात, म्हणजे बूच काढण्याचा आकार. आमच्याकडे तो डोईमागे दोन डॉलर होता. काही ठिकाणी तो बाटलीमागे असतो.

आमच्या मालकिणीला सगळे 'को' म्हणायचे. व्हिएतनामी भाषेत को म्हणजे वडिलांची धाकटी बहीण, आपली आत्या. मीही तिला को म्हणू लागले. त्या सुमारास ऑस्ट्रेलियात बुचाच्या जागी फिरकीचं झाकण येऊ लागलं होतं. दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या क्लेअर व्हॅलीमधल्या काही उत्पादकांनी 2000 सालच्या हंगामाची रीझलिंग नावाची पांढरी वाइन एकमतानं अशा झाकणाच्या बाटल्यांत भरली. बुचामुळे कधी कधी वाइनला ओल्या पुठ्ठ्यासारखा वास लागतो, तो टळावा म्हणून. तर अशीच झाकणाची बाटली घेऊन एके रात्री सहा जणांची मंडळी आली. जेवण झालं, बिल गेलं, आणि त्यांच्यातल्या एकानं मला बोलावून विचारलं, "या बाटलीला बूचच नाही, झाकण मी माझ्या हातानं काढलंय. मग कॉर्केजचे बारा डॉलर कशाचे?" आवाज चढलेला. शेजारची टेबलं बघायला लागली. मी वीस-बावीस वर्षांची, परक्या देशात. मला उत्तर सुचेना.

को आली. ती भांडली नाही. तिनं हसतमुखानं त्या टेबलावरचे सहाही ग्लास एकेक करून माझ्या तबकात ठेवले, बर्फाचं भांडं उचललं आणि म्हणाली, "पुढच्या वेळी बाटलीला तोंड लावून प्या. मग बारा डॉलर नकोत." त्याच टेबलावर हशा पिकला आणि पैसे मिळाले.

मला तिथे कॉर्केजचा अर्थ कळला. तो बुचाचा आकार नाहीच. ते ग्लासांचं, बर्फाचं, टेबलाचं आणि माणसांच्या श्रमाचं मोल आहे. वाइनचा ग्लास नाजूक असतो. तो यंत्रात धुतला तरी डाग राहतात म्हणून हातानं पुसावा लागतो, आणि पुसतानाच बरेचदा फुटतो. शिवाय वाइन असली की टेबल अर्धा-पाऊण तास जास्त अडतं. दाराशी उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाला तेवढा वेळ थांबावं लागतं, किंवा ते निघून जातं. हे सगळं त्या दोन डॉलरांत आलं.

आता प्रत्यक्ष वागण्याच्या रीती. त्या कुठल्या पुस्तकात पाहून सांगत नाही. आमच्याकडे ज्या गिऱ्हाइकांना बघून बरं वाटायचं, ती काय करायची ते सांगते.

पहिली गोष्ट, ती फोन करायची. आणलेली चालेल का, आकार किती, डोईमागे की बाटलीमागे, एका टेबलाला किती बाटल्या, हे आधीच विचारायची. काही ठिकाणी ही मुभा ठरावीक वारीच असते. बऱ्याच पाट्यांवर 'फक्त वाइन' असंही लिहिलेलं असतं. तिथे बिअरचा खोका किंवा व्हिस्कीची बाटली घेऊन जाणं बरोबर नाही. आकाराबद्दल काही बोलायचं असेल तर ते फोनवर. जेवण झाल्यावर, बिल हातात आल्यावर नव्हे.

दुसरी, आल्याबरोबर ती बाटली आमच्या हातात द्यायची. टेबलाखालच्या पिशवीतून चोरून काढायची नाहीत. आपल्या मराठी मंडळींची मात्र इथे थोडी पंचाईत व्हायची. भारतातून आईवडील आलेले असायचे, आणि सासऱ्यांसमोर बाटली कशी काढावी हा सूनबाईंपेक्षा जावईबापूंना जास्त प्रश्न असायचा. मग बाटली पिशवीतच राहायची, आणि दर दहा मिनिटांनी जावईबापू 'हात धुऊन येतो' म्हणून उठायचे. कोनं त्यावर तोडगा काढला होता. ती चहाची किटली आणि कप पुढे करायची. कुणाच्या कपात काय आहे हे कुणी विचारायचं नाही. असो. सांगायचं ते हे, की बाटली आमच्या हाती असली तर पांढरी वाइन थंड करता येते, लाल वेळेवर उघडता येते. जुनी, दहा-पंधरा वर्षांची लाल वाइन असेल तर तिच्या तळाशी गाळ बसलेला असतो. मोटारीत हिंदकळत आणलेली अशी बाटली लगेच उघडली तर गाळ ग्लासात येतो. म्हणून जाणती माणसं ती एक-दोन दिवस आधीच रेस्टॉरंटमध्ये पोचवतात आणि उभी ठेवायला सांगतात.

तिसरी गोष्ट काय आणावं याची. जिथे रेस्टॉरंटकडे स्वतःची वाइन नाहीच, तिथे काहीही आणा, दहा डॉलरचीसुद्धा. त्यात कमीपणा नाही. पण जिथे त्यांची स्वतःची यादी आहे आणि तरीही ते तुमची चालवून घेतात, तिथे त्यांच्याच यादीतली बाटली दुकानातून स्वस्तात घेऊन जाऊ नये. वाण्याच्या ओट्यावर बसून शेजारच्या वाण्याचे शेंगदाणे खाण्यासारखं ते आहे. तिथे न्यावी ती त्यांच्याकडे न मिळणारी वस्तू. मुलीच्या जन्मवर्षाची जपून ठेवलेली बाटली, किंवा गावाकडून आलेली. माझा भाऊ एकदा नाशिकची पांढरी वाइन घेऊन आला. ऑस्ट्रेलियात प्रौढ माणसाला सव्वादोन लिटर मद्य करमुक्त आणता येतं, त्या हिशेबात. भारतात वाइन होते हेच कोला ठाऊक नव्हतं. भावानं पहिला घोट तिला दिला. हीही एक सुरेख रीत आहे. वेगळी बाटली असेल तर मालकाला किंवा वाइनची जबाबदारी असलेल्या माणसाला घोटभर चाखायला द्यावी. कोनं चाखली, मान डोलावली आणि आतून फिश सॉस, लिंबू आणि मिरचीत मुरवलेलं पपईचं सॅलड मागवलं, न सांगता. दोघांनाही एकमेकांचं मनापासून आवडलं.

चौथी, बाटली आपली असली तरी त्या घरचं काहीतरी घ्यावं. यादी असेल तर आपली एक आणि त्यांची एक, हा साधा हिशेब. नसेल तर जेवण नीट, पोटभर मागवावं. चार जणांनी तीन बाटल्या आणून दोन स्प्रिंगरोलांवर तीन तास बसू नये. अशी टेबलं आम्हाला ओळखू यायची.

पाचवी टिपची. ऑस्ट्रेलियात टिप सक्तीची नाही. पण अमेरिकेत हा प्रश्न गंभीर आहे. तिथल्या संघीय कायद्यानुसार टिप मिळणाऱ्या कामगाराला मालकानं द्यायचं किमान वेतन 1991 पासून तासाला 2 डॉलर 13 सेंटच आहे. काही राज्यांनी ते वाढवलं आहे आणि टिप कमी पडली तर फरक मालकानं भरायचा असतो, पण वेटरचं पोट मुख्यतः टिपेवर, आणि टिप बिलाच्या टक्केवारीवर. तुम्ही वाइन आणलीत, बिल कमी झालं, की बाटली उघडून चार वेळा ग्लास भरणाऱ्याची कमाई कमी होते. म्हणून तिथे जाणती माणसं ती बाटली रेस्टॉरंटमधूनच घेतली असती तर किती बिल झालं असतं, त्या अंदाजानं टिप देतात.

आणि सहावी, मालकानं प्रेमानं आकार माफ केला तर आभार मानावेत. पुढच्या वेळी तो हक्क म्हणून मागू नये.

देशोदेशी या रीतीचं रूप बदलतं, आणि त्यामागे बहुतेक वेळा परवान्याचाच कायदा असतो. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात दारूबंदी उठल्यापासून, म्हणजे 1933 पासून, वाइन आणि स्पिरिट्सची दुकानं सरकार चालवतं. रेस्टॉरंटचे परवाने लोकसंख्येच्या प्रमाणात मोजके आणि म्हणून महाग. त्यामुळे फिलाडेल्फिया शहरात तरुण आचाऱ्यांनी काढलेली, बाटली घरून आणायला सांगणारी छोटी रेस्टॉरंटं प्रसिद्ध झाली. तिथे बरेचदा आकारही घेत नाहीत. याउलट कॅलिफोर्नियातल्या नापा खोऱ्यासारख्या वाइनच्याच प्रदेशात बड्या रेस्टॉरंटांचा आकार इतका असतो की त्या पैशात दुसरी चांगली बाटली यावी. तो आकार म्हणजे नम्र शब्दांतला नकार असतो. तो नकार ओळखून बाटली घरी ठेवणं, हीसुद्धा रीतच.

आता एक गोष्ट, जी टेबलाच्या त्या बाजूला बसणाऱ्याला सहसा सुचत नाही. बाटली तुमची असली तरी जबाबदारी रेस्टॉरंटची असते. व्हिक्टोरियात अठरा वर्षांखालच्या कुणाला ग्लास मिळाला, किंवा झिंगलेल्या माणसाला आणखी पिऊ दिलं, तर परवानाधारकावर कारवाई होते. 'मी माझी पितोय, तुम्ही कोण थांबवणार?' हे वाक्य मी ऐकलंय. थांबवायचं काम माझंच होतं. मोटार चालवणाऱ्याच्या रक्तातल्या मद्याची तिथली मर्यादा 0.05 टक्के आहे आणि रस्त्यात कुठेही थांबवून श्वास तपासण्याची पद्धत 1976 पासून आहे. म्हणून उरलेली बाटली झाकण लावून घरी न्यावी. आणली म्हणून संपवलीच पाहिजे, असा नियम कुठेही नाही.

हीच गोष्ट आपल्याकडे जास्त कडक आहे, आणि इथे मी थोडं स्पष्ट बोलणार आहे. महाराष्ट्रात 1949चा दारूबंदी कायदा आजही लागू आहे. मद्य बाळगायला आणि प्यायलाही त्यात परवाना लागतो. 'परमिट रूम' हा आपला रोजचा शब्द त्यातूनच आला. ज्या ढाब्याला, खाणावळीला परवाना नाही, तिथे बाटली काढून बसणं हा गुन्हा आहे, आणि गुन्हा बसणाऱ्याबरोबर बसू देणाऱ्यावरही दाखल होतो. मित्रांचा घोळका हायवेवरच्या ढाब्यावर उतरतो, "काका, कोपऱ्यात बसतो, कुणाला कळणार नाही" म्हणतो, आणि काकांना नाही म्हणवत नाही, कारण दहा जणांचं जेवण हातचं जाणार असतं. छापा पडला तर घोळका दंड भरून गाडीत बसतो. काकांचा धंदा बंद पडतो. ज्याला नाही म्हणणं परवडत नाही त्याच्याकडे मागणंच चूक, असं मला वाटतं. परवाना असलेल्या जागीसुद्धा बाहेरची बाटली चालते की नाही हे त्यांच्या परवान्यावर अवलंबून असतं. तेव्हा विचारावं, आणि नाही म्हणाले तर विषय संपवावा.

कुणी म्हणेल, पैसे देऊन बसलोय, मग आमच्या हक्काचं काय? हा वाद सिनेमाघरांतल्या खाण्यावरून आपल्याकडे खूप गाजला आणि सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. जानेवारी 2023 मध्ये न्यायालयानं सांगितलं की बाहेरचे पदार्थ आत येऊ द्यायचे की नाहीत हे ठरवण्याचा अधिकार सिनेमाघराच्या मालकाला आहे. मात्र पिण्याचं स्वच्छ पाणी त्यानं फुकट दिलं पाहिजे, आणि तान्ह्या बाळासाठी आईबापांना गरजेपुरतं खाणं नेता आलं पाहिजे. मला या निकालात जुनी घरगुती रीत दिसते. जागा ज्याची, त्याचा शब्द. पण पाण्याला आणि लेकराच्या दुधाला नाही म्हणायचं नाही.

आपली शिदोरी घेऊन दुसऱ्याच्या ओसरीवर बसणं आपल्याला नवं नाही. वारीच्या वाटेवर, एसटीच्या थांब्यावर, शेताच्या बांधावर आपण ते करत आलोय. तिथे कुणी आकार घेत नाही, पण आपणही जागा झाडून उठतो आणि घरच्या माणसाला भाकरीचा तुकडा पुढे करतो. परदेशातल्या वाइनच्या बाटलीलाही यापेक्षा वेगळं काही लागत नाही. परदेशात मुलाकडे जाणार असाल आणि तो म्हणाला, "आज बाटली आपली घेऊन जाऊ," तर त्याला एवढंच विचारा : त्यांना फोन केलास का?